आधी ड्राय रन, मग जॉब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आज बोलायला सुरुवात करण्यापूर्वी तुम्हाला एक छोटंसं काम देतो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तर मनातल्या मनात करा. संगणकाला तीन ओळी लिहून दिल्या आहेत. पहिली ओळ, अ बरोबर पाच. दुसरी ओळ, ब बरोबर अ. तिसरी ओळ, अ बरोबर सात. संगणकाने तिन्ही ओळी वरून खाली, एकामागून एक पार पाडल्या. आता सांगा, ब ची किंमत किती?

तुमच्यापैकी काहींनी 'पाच' म्हटलं असेल, काहींनी 'सात'. बरोबर उत्तर पाच आहे. पण आजचं माझं बोलणं आहे ते 'सात' म्हणणाऱ्यांविषयी.

मी तंत्रनिकेतनात शिकवत असे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नव्वदच्या दशकात पदविकेच्या पहिल्या वर्षाला सी ही संगणकाची भाषा शिकवताना हाच प्रश्न मी फळ्यावर लिहिला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने 'सात' असं उत्तर दिलं. खेड्यातून, मराठी शाळेतून आलेला मुलगा. मी भर वर्गात म्हणालो, "अरे, एवढं समजत नसेल तर इथे आलास कशाला?" वर्ग हसला. तो मुलगा खाली बसला आणि त्यानंतर त्याने कधी हात वर केला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आलाच नाही. त्याला इंग्रजी झेपलं नाही, असं मी सहकाऱ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

पुढे कित्येक वर्षांनी माझ्या वाचनात आलं, की 'सात' हे उत्तर जगभरातले नवशिके विद्यार्थी देतात. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही देतात. आणि त्या उत्तरामागे कारण असतं. शाळेत सात-आठ वर्षं गणित शिकलेल्या मुलाला 'बरोबर' हे चिन्ह काय शिकवतं? दोन्ही बाजू सारख्या, आणि त्या कायमच्या सारख्या. मग अ बदलला तर ब नको का बदलायला? तुमच्यापैकी कोणी ऑफिसात एक्सेल वापरत असाल तर तिथे एका चौकोनात दुसऱ्याचा पत्ता दिला की दुसरा बदलल्यावर पहिला आपोआप बदलतो. म्हणजे एक्सेलच्या हिशेबाने त्या मुलाचं उत्तर बरोबरच होतं! तो मुलगा ढ नव्हता. सी भाषेत त्या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे, आत्ता अ मध्ये जे आहे त्याची नक्कल करून ब मध्ये ठेव, एवढाच आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं. त्यासाठी मला फक्त एक प्रश्न विचारावा लागला असता, "तुला सात का वाटलं?" तो मी विचारला नाही.

श्रोतेहो, शिक्षकाने काय शिकवलं यापेक्षा विद्यार्थ्याच्या डोक्यात काय पोचलं, याचा पद्धतशीर शोध घेणारी संशोधनाची एक शाखा आहे. संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकी कसं शिकलं जातं, हा तिचा विषय. आपल्याकडे तिची फारशी चर्चा होत नाही. महाविद्यालयाची इमारत, प्रयोगशाळेतले संगणक, कॅम्पसमधून नोकऱ्या किती मिळाल्या, हे आपण विचारतो. मुलं शिकतात कशी, हे विचारत नाही. आणि पिंपरी-चिंचवडसारख्या गावात, जिथे दर दुसऱ्या घरातलं एक मूल इंजिनिअर व्हायला निघालेलं असतं, तिथे हा प्रश्न घराघराचा आहे.

२००१ साली मायकेल मॅक्रॅकन आणि निरनिराळ्या देशांतले त्यांचे सहकारी प्राध्यापक यांनी एक पाहणी केली. चार विद्यापीठांतले २१६ विद्यार्थी घेतले. सगळ्यांचा प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम झालेला. त्यांना आकडेमोड करणाऱ्या साध्या कॅल्क्युलेटरच्या जातीचे प्रोग्रॅम लिहायला दिले. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९! प्राध्यापकांना धक्का बसला. विद्यार्थ्यांना प्रश्न कसा सोडवायचा ते कळत नाही, असा अंदाज निघाला. पण २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांतल्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहायला न देता वाचायला दिला. हा तयार प्रोग्रॅम आहे, तो चालवला तर उत्तर काय येईल ते सांगा. बऱ्याच मुलांना तेही खात्रीने सांगता आलं नाही. म्हणजे अडचण आणखी खालच्या पायरीवर होती. एकेक ओळ चालते तेव्हा मशीनच्या पोटात काय घडतं, याचं चित्रच मुलांच्या मनात तयार झालेलं नव्हतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून आपण निबंधाची अपेक्षा करत होतो.

हे चित्र तयार कसं होतं, ते मला एका सीएनसी ऑपरेटरने दाखवलं.

मी रहाटणीला राहायला आलो तेव्हा आमच्या घराच्या मागे शेतं होती. आता तिथून काळेवाडीपर्यंत आणि इकडे पिंपळे सौदागरपर्यंत नुसत्या इमारती आहेत. सकाळी एक लोंढा हिंजवडीच्या आयटी कंपन्यांकडे जातो, दुसरा भोसरी-चाकणच्या कारखान्यांकडे. एकाच जिन्यात सॉफ्टवेअरवाला आणि लेथवाला शेजारी शेजारी राहतात. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी रविवारी सकाळी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या आठ-दहा मुलांना बसवतो. फी नाही. पाटी-पुस्तकासारखा कागद आणि पेन्सिल आणायची, लॅपटॉप आणायचा नाही, एवढीच अट.

तिथे एक मुलगा येई. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बारावी, मग कॉम्प्युटर शाखा. वडील मराठवाड्यातून आलेले, आयटीआय झालेले, चाकणला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर. अ आणि ब चा प्रश्न घातला. मुलगा म्हणाला, सात. मी यावेळी विचारलं, "का रे, सात का?" तो म्हणाला, "सर, ब म्हणजे अ असं आधीच सांगितलंय ना." मी डब्यांचं उदाहरण दिलं, चिठ्ठ्यांचं दिलं. तो मान हलवत होता, पण चेहऱ्यावर उजेड पडत नव्हता.

त्या दिवशी वडिलांना सुट्टी होती. ते मुलाला न्यायला आले आणि दारात उभे राहून ऐकत होते. मी म्हटलं, "या ना, बसा. तुम्हीही रोज प्रोग्रॅमवरच काम करता." ते संकोचले. "सर, आमचा कसला प्रोग्रॅम, ते जी कोड आणि एम कोड." मी विचारलं, नवा प्रोग्रॅम आला की तुम्ही काय करता? त्यावर मात्र ते खुलले.

"लगेच जॉब लावत नाही सर. आधी ड्राय रन. टूल जॉबपासून लांब ठेवायचं आणि सिंगल ब्लॉक लावायचा. मग मशीन एक ओळ करतं आणि थांबतं. पुढची ओळ वाचायची, टूल कुठे जाईल ते मनात म्हणायचं, मग सायकल स्टार्टचं बटण दाबायचं. मनातलं आणि मशीनचं जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर थांबायचं. नाहीतर टूल जाऊन चकवर आदळतं."

मी विचारलं, "फीड बदलला तर?" ते म्हणाले, "एफ एकदा दिला की नवा एफ येईपर्यंत मशीन तोच धरून चालतं. नवा दिला की तिथून पुढे नवा." मी म्हटलं, "आणि मागे जे कापून झालं ते?" ते हसले. "ते झालं सर. आधीचा कट आधीच्या फीडने झाला. पुढे फीड बदलला म्हणून मागचा कट थोडाच बदलतो?"

मुलगा एकदम म्हणाला, "म्हणजे ब पाचच राहणार!"

श्रोतेहो, पस्तीस वर्षं शिकवून मला जे उदाहरण सुचलं नाही, ते त्या गृहस्थांच्या रोजच्या कामात होतं. इंग्रजी त्यांना बेताचंच येतं. पण मशीन ओळीने चालतं, सांगितलं तेवढंच करतं, मनातलं ओळखत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आणि गंमत म्हणजे प्रोग्रॅमिंग शिकवताना कागदावर एकेक ओळ चालवून पाहण्याला आम्हीही ड्राय रनच म्हणतो. शब्द एकच, पण कारखान्यात तो केल्याशिवाय जॉब लागत नाही आणि कॉलेजात तो न करताच मुलं परीक्षेला बसतात.

आता याच वर्गातली दुसरी बाजू ऐका. एक मुलगी आहे, पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकलेली, फाडफाड बोलणारी. तिला मी विचारलं, खात्यात शंभर रुपये आहेत. जोपर्यंत शिल्लक शून्यापेक्षा जास्त आहे, तोपर्यंत दोन कामं करायची. आधी साठ रुपये वजा करायचे, मग चिठ्ठी छापायची. एकूण चिठ्ठ्या किती छापल्या जातील? ती म्हणाली, एक. कारण दुसऱ्यांदा साठ वजा केले की शिल्लक शून्याखाली जाते, अट मोडली, मग मशीन तिथेच थांबणार. "सर, व्हाईलचा अर्थच तो आहे."

बरोबर उत्तर दोन आहे. मशीन अट तपासतं ते फेरीच्या सुरुवातीला. आमच्या सोसायटीचा वॉचमन फाटकावर वही बघतो, एकदा आत सोडलं की जिन्यात पाठलाग करत नाही, तसं. फेरी सुरू झाली की दोन्ही कामं होणार, आणि मग पुन्हा फाटकावर आल्यावर अडवणार. या चुकीची नोंदही संशोधनात आहे. जेफ्री बोनार आणि इलियट सोलोवे यांनी १९८५ साली दाखवून दिलं, की बोलीभाषेतल्या इंग्रजी शब्दांचा रोजचा अर्थ नवशिके प्रोग्रॅममध्ये घेऊन येतात आणि तिथेच फसतात. म्हणजे पाहा, इंग्रजी न येणारा एका खड्ड्यात पडतो, इंग्रजी चांगलं येणारा दुसऱ्या. इंग्रजी आलं म्हणजे प्रोग्रॅमिंग आलं, ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे.

मग भाषेचा काही संबंधच नाही का? आहे, आणि फार मोठा आहे. मुंबईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञान हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे. तिथले योगेंद्र पाल आणि श्रीधर अय्यर यांनी हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांवर काम केलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा एक निष्कर्ष असा, की केवळ इंग्रजीतूनच शिकवायचं असेल, तर अशा मुलांना वर्गातल्या व्याख्यानापेक्षा आपल्या गतीने पाहता येणारी चित्रफीत अधिक मानवते. मला यामागचं कारण साधं वाटतं. चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते. वर्गातल्या सरांना तसं थांबवता येत नाही. त्या मुलाला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात, वाक्य समजून घ्यायचं आणि विषयही समजून घ्यायचा. पहिलं होईतो सर पुढच्या वाक्यावर गेलेले असतात.

मुंबई आयआयटीतच प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ. त्यात पडद्यावर दिसतं ते इंग्रजीतच राहतं, कारण सॉफ्टवेअर तसंच असतं. पण कानावर पडणारं निवेदन मराठीत किंवा अन्य भारतीय भाषांत ऐकता येतं. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. धंद्याचे शब्द इंग्रजीच राहू द्यावेत. आमच्या सीएनसीवाल्यांनीही 'टूल', 'फीड', 'जॉब' हेच शब्द वापरले. पण 'का' आणि 'म्हणून' हे दोन शब्द ज्या भाषेत सहज येतात, तीच विचार करण्याची भाषा.

आमच्या शेजारी निगडीत तर याहून मोठं पाऊल पडलं. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या परवानगीने आठ राज्यांतल्या चौदा महाविद्यालयांनी हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू आणि बंगाली या पाच भाषांतून अभियांत्रिकीचं शिक्षण सुरू करायचं ठरवलं. त्यात मराठीसाठी पुढे आलं ते पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. शाखा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची, जागा ६०. त्या वेळी आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले. एक म्हणे, उशिरा का होईना, न्याय झाला. दुसरा म्हणे, या मुलांना हिंजवडीत मुलाखतीला कोण बोलावणार?

ही दुसरी भीती मी हसण्यावारी नेत नाही. जिच्या घरात पहिली पदवी येणार आहे, त्या आईच्या दृष्टीने ती भीती खरीच आहे. मुलाखत इंग्रजीत होते, ईमेल इंग्रजीत लिहावे लागतात. म्हणून इंग्रजी शिकवलंच पाहिजे, कसून शिकवलं पाहिजे, पण स्वतंत्र विषय म्हणून. दारावरचा पहारेकरी म्हणून नव्हे. आणि मराठी माध्यम घेतलं म्हणून काम संपत नाही. मीच त्या मुलाला अस्सल मराठीत "इथे आलास कशाला" असं म्हणालो होतो ना? शिक्षक मराठीत बोलला आणि मुलगा गप्पच बसला, तर माध्यम बदलून काय साधलं? मुलाला बोलतं करणं महत्त्वाचं.

बोलतं कसं करायचं, तेही सांगतो. फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८१ साली एक साधी पद्धत मांडली. प्रश्न दिला की आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून लिहायचं. मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं. मग सगळ्या वर्गाने चर्चा करायची. साठ-सत्तरच्या वर्गात गोंधळ होईल, अशी आपल्या शिक्षकांची तक्रार असते. मुंबई आयआयटीत शेकडो मुलांच्या पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात हे करून पाहिलं गेलं. साहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दहा आठवड्यांत अशा तेरा उपक्रमांच्या वेळी वर्गात बसून निरीक्षणं केली. सरासरी ८३ टक्के मुलं पूर्णपणे किंवा बहुतांशी कामात गुंतलेली आढळली. हा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. यात खर्च काहीच नाही. पाच मिनिटं गप्प बसण्याची शिक्षकाची तयारी लागते, बस्स.

शिवाय गुंतण्याने गुणही वाढतात का? २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, तर मुलांना काम आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. शंभरात बारा मुलं. त्या बारांतला एखादा माझ्या मागच्या बाकावर बसलेला होता.

इथे पालकांना एक सावधगिरीची सूचना. २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका अभ्यासात असं दिसलं, की स्वतः धडपड करून शिकलेल्या मुलांनी प्रत्यक्षात अधिक शिकूनही त्यांना वाटत होतं, की आपण कमी शिकलो. छान व्याख्यान ऐकलेल्यांना वाटत होतं, आपल्याला सगळं समजलं. तेव्हा मूल घरी येऊन "सर काही शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात" असं म्हणालं, तर लगेच दुसरा क्लास शोधू नका. कदाचित ते सर काम चोख करत असतील.

आता तर मोबाइलवर प्रश्न टाकला की तयार प्रोग्रॅम समोर येतो. मग शिकायचं कशाला, असं मुलं विचारतात. त्यांना मी त्या चाकणच्या वडिलांचं उत्तर सांगतो. त्यांच्या कारखान्यात प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे असतात, तो त्यांच्या हाती तयारच येतो. पण बटणावर बोट त्यांचं असतं. म्हणून वाचता त्यांना यावंच लागतं. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा ड्राय रन ज्याला करता येतो, तोच मशीनचा मालक. बाकीचे नुसते बटण दाबणारे.

तो मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी अजून येतो, पण आता शिकायला नाही, नव्या मुलांच्या शेजारी बसायला. परवा एका मुलीने 'सात' सांगितलं. मी काही म्हणणार तेवढ्यात तोच तिला विचारत होता, "सात का वाटलं, सांग ना." मी खडू खाली ठेवला.

श्रोतेहो, तुमच्या घरात, शेजारी, वर्गात असं एखादं मूल असेलच. आज जेवताना त्याला तो तीन ओळींचा प्रश्न घाला. उत्तर काहीही येवो, का वाटलं ते विचारा, आणि मग त्याचं बोलून होईपर्यंत थांबा.